कमलच्या मिस्सेला सगळं गाव

१२ नोव्हेंबर २०२३, रविवार

नीलमने ही वही आणून दिली. म्हणाली, पप्पा, मनात येईल ते लिहीत जा, मन हलकं होतं. माझं मन जड झालेलं नाही. पण कागद चांगला आहे, वाया घालवणं बरं नाही.

पहिल्या पानावर नाव लिहावं ही ऑफिसची सवय. इनास तुस्कानो. राहणार वसई. हल्ली मुक्काम मुलगी-जावयाकडे, इटलीच्या दक्षिणेला, कास्तेलफोस्को गावी. वीज मंडळातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त.

इथं येऊन आठ महिने झाले. पूर्ण रुळलो आहे. आडनावच तुस्कानो, ऐकायला इटालियन, त्यामुळे कोणी परका समजत नाही. कोणी बोलतही नाही, पण इथली माणसंच अबोल. (चौकात सकाळपासून इतका गलका असतो की खिडकी लावून घ्यावी लागते.)

येत्या रविवारी माझ्या बायकोला, कमलला, जाऊन वर्ष होईल. त्या संध्याकाळी इथल्या चर्चमध्ये तिच्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थना. नीलमने फादरांच्या ऑफिसात नाव देऊन ठेवलं आहे. बाकी सगळं मी करणार. चर्च भरलं पाहिजे. कमलला रिकाम्या खुर्च्या आवडत नसत. चार पाहुणे येणार म्हटलं तर ती दहा जणांचं शिजवायची आणि उरलेल्या सहा जणांना रस्त्यावरून बोलावून आणायची.

संकल्प: उद्यापासून रोज दोन अनोळखी माणसांशी बोलायचं. दुपारी झोपायचं नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार

अनोळखी माणसांशी बोलणं झालं नाही. वारा होता. वाऱ्यात लोकांना ऐकू येत नाही.

दुपारी झोपलो होतो तेव्हा वसईहून कमलच्या भावाचा, साळूचा फोन. म्हणाला, भावोजी, तिकडं मिस्सेला येणार कोण? तुम्ही, पाद्री आणि मेणबत्ती. त्यात पाद्रीला घाई असणार. त्यापेक्षा मी इथं करतो, सगळं गाव येईल. मी म्हटलं, इथंही सगळं गाव येईल. तो म्हणाला, तुम्हाला तिथं ओळखतं कोण? मी म्हटलं, सगळे.

फोन ठेवल्यावर विचार केला. चौकात माझा एक ठरलेला बाक आहे. शेजारच्या बाकावर रोक्को आणि त्याची म्हातारी मंडळी बसतात. ते मला रोज पाहतात. समोरच्या बाल्कनीतली आस्सुंताबाई कपडे वाळत घालताना मला पाहते. मीही त्यांना पाहतो. ओळख म्हणजे आणखी वेगळं काय असतं?

१५ नोव्हेंबर, बुधवार

नीलम आणि जावई दोनातो सकाळी बोलोन्याला गेले. दोनातोच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. रविवारी मिस्सेपर्यंत परत येतील. नीलमने दारात तीनदा विचारलं, पप्पा, जमेल ना? मी म्हटलं, वादळात अख्ख्या तालुक्याची वीज गेली तेव्हाही मी जागचा हललो नव्हतो. ती म्हणाली, म्हणूनच विचारते.

ती गेल्यावर लगेच कामाला लागलो. म्हणजे जेवल्यावर.

इथं माणूस गेलं की भिंतींवर मोठे कागद लागतात. फोटो, नाव, मिस्सेची वेळ. वर्षाच्या मिस्सेलाही लावतात. लोक पाव आणायला जाताना वाचतात आणि संध्याकाळी चर्चला येतात. आमच्याकडे घरोघर सांगायला जावं लागतं. कमी बोलणाऱ्या माणसाला इथली पद्धत सोयीची.

हे काम अंत्यविधीच्या सामानाच्या दुकानात होतं. दुकानात विटो नावाचा तरुण, सतत फोनवर. मी टोपी घालून, मफलर नाकापर्यंत, कारण थंडी. फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला तसाच दिला. नीलमच्या लग्नातला, आम्हा दोघांचा. त्यात कमल फार छान आली आहे असं सगळे म्हणतात. हल्ली मी पाहिलेला नाही. धूळ बसू नये म्हणून वर्षभर कपाटात पालथा ठेवला होता.

विटोने कागद सोडला, फोटो वर धरला आणि विचारलं, दोघांतलं कोण? मी तेव्हा छताच्या पंख्याकडे पाहत होतो. जुना, वजनदार पंखा होता, मंडळात असायचे तसा. कमल फोटोला नेहमी माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. हे पाठ आहे, त्यासाठी बघायला कशाला लागतं? डावीकडचं, अशी खूण केली. विटोने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फोन खाली ठेवला आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. मुलावर चांगले संस्कार आहेत.

मजकूर तो फार लांबवत होता. मी सगळं काढायला लावलं. मृत्यूची तारीख नको, कोणाची कोण ते नको. वाचणाऱ्याला उगाच त्रास. कमल तुस्कानो, रविवार, संध्याकाळी सहा. झालं. नमुना दाखवत होता. चष्मा नसल्यामुळे नुसतं ठीक म्हटलं. (चष्मा खिशात होता. पण तो लावायला मफलर सोडावा लागला असता.)

एकंदरीत काम चोख. उगाच लोक म्हणतात परदेशात अडचणी येतात.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

मिस्सेनंतर सगळ्यांना कमलच्या हातचे फुगे द्यायचे ठरवलं आहे. म्हणजे माझ्या हातचे. पीठ आंबवायचं, गोळे तेलात सोडायचे, ते फुगतात. तीस वर्षं नाताळात मी शेजारी उभा राहून पाहिलेलं आहे. ताडी मिळत नाही म्हणून यीस्ट घातलं. पुडीवर इटालियनमध्ये काहीतरी प्रमाण लिहिलेलं होतं.

सायंकाळी पाच: पीठ भांड्याबाहेर.

सायंकाळी सहा: पीठ ओट्याबाहेर. त्याला थोडा वेळ एकटं सोडावं असं ठरवलं.

दरम्यान मिशी नीट करायला घेतली. मिस्सेला पुढच्या बाकावर बसायचं, भाषण करायचं, व्यवस्थित दिसलं पाहिजे. डावी बाजू किंचित जास्त गेली. म्हणून उजवी. मग परत डावी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ओठ दिसला. तजेला आला आहे. टोपी आणि मफलरही आता बंद. रविवारी लोकांना मी नीट दिसलो पाहिजे.

इटालियन भाषण दोनातोने सांगितलं आणि नीलमने देवनागरीत लिहून दिलं आहे, म्हणजे मला वाचता येईल असं. दोन मिनिटांचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिलं वाक्य उत्तम येतं. दुसऱ्या वाक्यात कमलचं नाव आहे. तिथं खोकला येतो. यीस्टमुळे असेल.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

कागद लागले! चर्चच्या दारावर, चौकात, औषधाच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर. लांबून फारच शोभून दिसतात. जवळ गेलो नाही. लोक वाचत होते, त्यांना बाजूला करून आपल्याच माणसाचा फोटो बघत बसणं बरं दिसत नाही.

परिणाम ताबडतोब. माझ्या बाकाकडे निघालो तर रोक्को आणि मंडळी एकदम गप्प झाली. मग सगळ्यांनी एकाच वेळी हात खिशात घातले. घरी दुःख असलेल्या माणसाला अशी मानवंदना देत असावेत. मीही दोन्ही हात खिशात घातले आणि मान झुकवली. रोक्कोचा चेहरा पांढराफटक पडला. थंडी बरीच आहे.

पाववालीने पाव दिला, पैसे घेतले नाहीत, माझ्या गालाला हात लावला आणि बराच वेळ काहीतरी विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, हो, हो, फार चांगलं. ती दुकानाच्या आत निघून गेली.

आस्सुंताबाईने बाल्कनीतून मला पाहिलं आणि क्रुसाची खूण केली. मीही केली. तिच्या हातातली चादर खाली रस्त्यावर पडली. मी ती उचलून वर धरली, पण तिने दार लावून घेतलं. भाविक बाई.

आठ महिन्यांत झालं नाही ते एका दिवसात झालं. साळूला फोन करून सांगितलं, सगळं गाव हलतंय. तो म्हणाला, भावोजी, औषध वेळेवर घेताय ना?

१८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर झाकलेली भांडी. भाजलेला पास्ता, कोंबडीचं सूप, भरलेली वांगी, वर स्वच्छ फडकं. कोणी घंटी वाजवली नाही. दुपारी आणखी एक ताट. नव्या रहिवाशाचं स्वागत असणार. आठ महिने उशिरा, पण मोठ्या मनाने.

संकल्प केला होता की मिस्सेपर्यंत हलकं जेवायचं. पण माणसांनी प्रेमानं दिलेलं परत करता येत नाही. सूप दोनदा घेतलं.

शेवटच्या ताटात तळलेले गोळे होते. पिठाचे, गोल, आतून जाळीदार, एका बाजूला जास्त लाल. फुगेच. इथले लोकही करतात हे माहीत नव्हतं. एक खाल्ला. उभ्यानेच. मग जरा खिडकीत जाऊन उभा राहिलो. बाहेर वारा होता, डोळ्यांत धूळ जाते. खिडकी बंद होती, पण फटी असतात.

माझं पीठ टाकून दिलं. जागा लागत होती.

संध्याकाळी नीलमचा फोन. म्हणाली, पप्पा, गावातून सारखे मेसेज येताहेत, धीर धर, आम्ही आहोत, किती साधा माणूस, असं काय काय. मम्मीला न पाहता लोक किती मायेनं लिहितात हो! आणि रडायला लागली. मी म्हटलं, मी सगळी व्यवस्था केली आहे. ती म्हणाली, तुम्ही एकट्याने? मला अभिमान वाटतो, पप्पा. मलाही वाटला.

१९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

आज. सूट इस्त्री केला. भाषण खिशात. विटोने परत दिलेला फोटो आतल्या खिशात, वर्तमानपत्रासकट. अजिबात दडपण नाही. सकाळपासून आंघोळ दोनदा झाली.

१९ नोव्हेंबर, रविवार, घरी परतल्यावर

क्रमाने लिहितो.

चर्च भरलं होतं. बाक भरले, मागची मोकळी जागा भरली, लोक दाराबाहेर उभे. वसईतही एवढे आले नसते. मी पहिल्या बाकावर. माझ्या शेजारी कोणी बसेना. मागच्या बाकावर रोक्को. त्याचे हात पुन्हा खिशात. मनात म्हटलं, कमल, बघ. एकही खुर्ची रिकामी नाही. माझ्या शेजारची सोडून.

फादर जेरार्दो तीन गावं सांभाळतात. छोट्या गाडीतून धावत आले आणि झगा घालतच वेदीवर चढले. प्रवचनात त्यांनी कमलचं नाव सात-आठ वेळा घेतलं. मला बाकीचं फारसं कळलं नाही, पण नाव आलं की मी मान डोलवत होतो. त्यांनी बाकाचा उल्लेख केला, टोपीचा केला, मफलरचा केला. बायका रडायला लागल्या. कमलने जन्मात मफलर वापरला नाही, पण मला वाटलं, काहीतरी धार्मिक दाखला असेल.

(नीलमने नंतर सांगितलं ते असं. फादर म्हणत होते, हा शांत माणूस आठ महिने आपल्या चौकात एकटा बसत होता. आपण कोणी त्याला साधं विचारलं नाही की बाबा, तू कसा आहेस. आता तो बाक रिकामा आहे. आपल्याला लाज वाटली पाहिजे.)

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. नीलम. प्रवासाच्या कपड्यांत, केस विस्कटलेले, हातात चर्चच्या दारावरून फाडून काढलेला कागद. मधल्या वाटेतून धावत आली आणि भर चर्चमध्ये मराठीत ओरडली, पप्पा! हे काय करून ठेवलंत? तुमची मिस्सा चाललीय! सगळ्या गावात तुम्हाला मारून ठेवलंय!

आणि माझ्या गळ्यात पडली. मग माझ्याकडे नीट पाहून आणखी जोरात ओरडली, आणि मिशी कुठाय?

मी कागद पाहिला. चष्मा लावून. त्यावर मी होतो. सुटात, मिशीसकट.

कमल माझ्या डाव्या हाताला उभी राहायची हे बरोबर. पण फोटोत माणसं समोरून दिसतात. आपल्या डाव्या हाताचं माणूस फोटोत उजवीकडे येतं. इतकी वर्षं वीज मंडळात नकाशे पाहिले, पण हे लक्षात आलं नाही. एकदा फोटोकडे पाहिलं असतं तर आलं असतं.

दोनातोने माइकवर जाऊन खुलासा केला, नीलम मला मराठीत सांगत गेली. गावात कमल नावाचा एक मोरोक्कन फळवाला आहे, त्यामुळे नाव पुरुषाचं याबद्दल कोणाला शंका नव्हती. विटोने सांगितलं होतं की मेलेल्याचा भाऊ भारतातून आला आहे, दुकानात येऊन गेला, तोंडावळा अगदी तोच. त्यात माझी मिशी, टोपी, मफलर सगळंच गेलेलं. त्यामुळे अर्ध्या गावाला मी मेलेल्याचा भाऊ वाटलो आणि उरलेल्या अर्ध्याला मेलेलाच. खिशातले हात मानवंदनेचे नव्हते. अशुभ दिसलं की इथं लोखंडाला हात लावतात. खिशात किल्ल्या असतात. पाववालीने विचारलं होतं, जाताना त्याला फार त्रास झाला का? त्यावर मी म्हणालो होतो, हो, हो, फार चांगलं.

मग रोक्को मोठ्यांदा म्हणाला, अहो, मग आम्ही इतका वेळ रडतोय ते कोणासाठी?

फादरही माझ्याकडे पाहत होते. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं. भाषणाचा कागद काढला. पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं आलंच नाही. नुसतं म्हणालो, माझी बायको. परत म्हणालो, माझी बायको.

मग आतल्या खिशातून फोटो काढला, वर्तमानपत्र सोडलं आणि न पाहताच मागच्या बाकावर रोक्कोच्या हातात दिला.

रोक्कोने चष्मा पुसून पाहिला. म्हणाला, ही होय! आणि पुढे दिला. फोटो बाकावरून बाकावर गेला. बायका एकमेकींना दाखवत होत्या, बांगड्या बघ गं, साडी बघ, हसते कशी बघ. एक म्हातारी म्हणाली, ही तर माझ्या मावशीसारखी दिसते. आस्सुंताबाईने फोटोचा मुका घेतला आणि पदर नसल्यामुळे बाहीने पुसून पुढे दिला. दाराबाहेरच्या लोकांनीही मागून घेतला. फादर वेदीवर थांबून राहिले. त्यांना पुढच्या गावी उशीर होत होता, हे घड्याळाकडे न पाहण्याच्या त्यांच्या प्रयत्नावरून कळत होतं.

फोटो परत आला तेव्हा त्यावर सगळ्या गावाच्या बोटांचे ठसे होते. ते पुसण्यासाठी पाहावं लागलं.

कमल हसते आहे. तोंड उघडं, डोळे मिटलेले. त्या दिवशी माझे बूट चावत होते आणि फोटो काढण्याच्या क्षणी मी तिच्या कानात तेच सांगितलं होतं. हे मी विसरलो होतो.

नीलम माझ्या शेजारच्या रिकाम्या जागी बसली. फादरांनी मिस्सा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, कमलच्या नावाने. कोणी उठून गेलं नाही.

आज नीलमने विचारलं, पप्पा, तुम्ही रडताय? मी म्हटलं, हो.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी बाकावर गेलो. रोक्को आणि मंडळींनी मला बघून हात खिशात घातले आणि मग सगळे खो खो हसले. मला त्यांच्या बाकावर मध्ये बसवलं. फार चेंगराचेंगरी झाली. रोक्को म्हणाला, काय रे मेलेल्या, तिकडं वर कॉफी मिळते का?

आस्सुंताबाई बाल्कनीतून ओरडली, इनास, माझी भांडी परत कर! आणि ऐक, माणूस एकदाच मरतं, एकदाच सगळं गाव येतं. तू तुझी पाळी वापरून टाकलीस. आता खरा गेलास की मी काही परत काळे कपडे बाहेर काढणार नाही. मी म्हटलं, चालेल. हे माझं इटलीतलं पहिलं संभाषण. अनोळखी माणूस एकच झालं, पण ती दोघांइतकं बोलते.

साळूचा फोन आला. विचारत होता, किती माणसं आली? मी म्हटलं, सगळं गाव. तो म्हणाला, खरंच? मी म्हटलं, खरंच. बाकीचं सांगितलं नाही. लाइन खराब होती. खराब नव्हती.

नीलम म्हणते, त्या विटोकडे जाऊन चांगला दम द्या. तेच ठरवून निघालो. काय बोलायचं ते दोनातोला विचारून लिहून घेतलं होतं. विटोने बाकीचे कागद काढून टाकले आहेत. औषधाच्या दुकानाशेजारचा तेवढा निघाला नाही, तिथं डिंक जास्त लागला आहे. त्याच्यासमोरून जात होतो. चष्मा डोळ्यांवर होता.

कागदावर छापताना विटोने फोटो मधोमध कापला आहे. कमल पूर्ण गेली. पण माझ्या उजव्या खांद्यावर पाठीमागून आलेला एक हात तसाच राहिला आहे. मनगटापर्यंत. बांगड्या मोजता येतात.

बराच वेळ उभा होतो. औषधवाला बाहेर येऊन म्हणाला, काळजी करू नका आजोबा, उद्या गरम पाणी ओतून खरवडून काढतो. मी म्हटलं, नको. त्याला वाटलं मला भाषा येत नाही. त्याने पुन्हा सावकाश सांगितलं. मीही पुन्हा सावकाश सांगितलं, नको.

दम द्यायला रविवारी जाईन. रविवारी विटोचं दुकान बंद असतं. ते मला माहीत आहे.